दुसरी किल्ली आणि चाकांची होडी

ही गोष्ट लिहून ठेवायची नाही, असं वीबेनं जवळजवळ ठरवूनच टाकलं होतं. कारण सरळ आहे. तिच्यात चोर कमी आणि वीबेचा गाढवपणा जास्त. दोनदा त्यानं वही उघडली, दोनदा मिटली. शेवटी म्हटलं, गाढवपणाच आधी सांगून टाकू, म्हणजे पुढचं मजेत सांगता येईल.

तर गाढवपणा असा.

सुट्टी लागली त्याच आठवड्यात ओस्टरफेनमध्ये होड्यांची मिरवणूक होती. सगळा गाव सजवलेल्या होड्या घेऊन कालव्यात उतरतो. पण पोहण्याची परीक्षा पास झाल्याशिवाय लहान मुलांना होडीत घेत नाहीत, आणि रिदवानच्या जुळ्या बहिणी होत्या जेमतेम साडेतीन वर्षांच्या. दोघींनी रडून घर डोक्यावर घेतलं.

"मग यांची होडी काठावरून जाईल," रिदवान म्हणाला.

रिदवान म्हणजे वीबेचा पहिलीपासूनचा दोस्त. त्याच्या आईकडे, सईदाकाकूंकडे, पेटीसायकल होती. पुढं मोठी लाकडी पेटी, मागं सीट. पेटीत जुळ्यांना बसवायचं, पाळणाघरात सोडायचं आणि मग दिवसभर गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, औषधं द्यायची, असं सईदाकाकूंचं काम. या सायकलीवरच त्यांचं सगळं चालायचं.

त्या सायकलीला पोरांनी होडी बनवलं. चाकं झाकणारे पुठ्ठे, त्यावर निळा रंग, झाडूच्या दांड्याची डोलकाठी आणि वीबेच्या आजीच्या फुलाफुलांच्या पडद्याचं शिड. हे काम वीबेच्या शेडमध्ये चाललं होतं, म्हणून रिदवाननं सायकलीच्या कुलपाची दुसरी किल्ली त्याच्याकडे दिली होती.

गुरुवारी वीबे ती किल्ली बोटावर गरगर फिरवत पुलावरून चालला होता. गर्र, गर्र, गर्र, डुबुक.

आता शहाणा मुलगा काय करेल? जाऊन सांगेल. वीबेनं काय केलं? रिदवानला म्हणाला, "माझी किल्ली घरी राहिली रे, तासभर तुझ्या आईची दे." ती घेऊन तो स्टेशनजवळच्या, बुटांच्या टाचा ठोकणाऱ्या आणि किल्ल्याही बनवणाऱ्या माणसाकडे गेला आणि तिच्यावरून दुसरी करून आणली. नवी किल्ली जरा अडायची. पण लागायची. रिदवानला आईची आणि ही नवी, दोन्ही किल्ल्या परत देताना वीबेचा चेहरा इतका भोळा होता, की शाळेच्या नाटकात त्याला कधीच काम का देत नाहीत हे कोडंच आहे.

शनिवारी मिरवणूक झकास झाली. जुळ्यांनी काठावरच्या सगळ्यांना हात केले. संध्याकाळी सगळे बटाट्याच्या काचऱ्या खायला गेले. जाताना रिदवाननं मागच्या चाकाला कुलूप लावलं, आणि होडी आहे म्हटल्यावर गंमत म्हणून तिला दोरीनं काठावरच्या लोखंडी खुंट्यालाही बांधून टाकलं. खलाशी मारतात तशी गाठ मारून.

अर्ध्या तासानं परत आले तर सायकल गायब.

पोलिसांनी लिहून घेतलं, 'पेटीसायकल, निळी, चोरीला.' सायकली जमा करणाऱ्या नगरपालिकेच्या आवारातही काकूंनी फोन केला. "पेटीसायकल? नाही बाई, एकही आलेली नाही," असं उत्तर आलं. राहिला विमा. चोरीचा विमा होता. काकूंनी दोन्ही किल्ल्या विम्याच्या कचेरीत नेऊन दिल्या, कारण इथं नियमच तसा आहे. दोन्ही मूळ किल्ल्या दाखवल्या, तर सायकलीला कुलूप होतं असं ते धरतात. एक जरी नसली तरी म्हणतात, कुणास ठाऊक, विसरला असाल कुलपातच.

आठवडाभरानं, सोमवारी, विम्याच्या बाईंचा फोन आला. "एक किल्ली ठीक आहे. दुसरी मूळ किल्ली नाही. ती परत पाठवतोय. खरी मिळाल्याशिवाय पुढं काही करता येणार नाही."

त्याक्षणी वीबे रिदवानच्या घरी टेबलाशी बसून मध लावलेली मसेमन पोळी खात होता. घास तोंडातच राहिला.

*

बुधवारी दुपारी वीबे त्याच पुलाच्या कठड्याला टेकून लोहचुंबक पाण्यात सोडत होता. दोरीला बांधलेलं हे ताटलीएवढं चुंबक सिट्स्केचं. सिट्स्के तेरा वर्षांची, शेजारच्या गल्लीतली. ती सतत खारट ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या चघळायची आणि दिसेल ते वाचायची. औषधाच्या बाटलीवरचं सुद्धा.

"काय शोधतोयस नक्की?" तिनं विचारलं.

"खजिना."

"तीन तास? एकाच जागी?"

"खजिना एकाच जागी असतो."

आतापर्यंत वर आलं होतं ते असं. एक तवा, एक पाना, सायकलीची दोन हँडलं आणि एक अख्खी सायकल, जिला पाहून सिट्स्के म्हणाली, "हिच्यावर माझ्या आजीचं लग्न ठरलं असेल." किल्ली नव्हती. किल्ली पितळेची, तिला चुंबक ओळख दाखवणार नाही, हे वीबेला माहीत होतं. त्याची सगळी आशा किल्लीच्या लोखंडी कडीवर होती.

तेवढ्यात रिदवान आला. चालत. हातात लिफाफा.

"ही बघा आली परत," त्यानं किल्ली काढून दाखवली. आईला तो यम्मा म्हणायचा. "यम्मा सोमवारपासून माझ्याशी धड बोलत नाहीये. तिला वाटतं, मी खरी हरवली आणि घरातली कुठलीतरी किल्ली उचलून दिली. रोज पहाटे पाचला उठते. जुळ्यांना दोन बस बदलून नेते, मग कामाला. काल म्हणाली, असं किती दिवस जमणार, वरिष्ठांनी सांगितलंय, या महिन्यात सायकल नाही आली तर तिचे गाव दुसऱ्या कुणाला देतील."

"तू नाही ना हरवलीस?" सिट्स्केनं विचारलं.

"नाही. शपथ. पण मग ही बदलली कधी?"

वीबेनं चुंबक इतक्या जोरात पाण्यात फेकलं, की तिघांच्या तोंडावर पाणी उडालं.

"मला वाटतं," तो सुरुवात करायला गेला. मग म्हणाला, "मला वाटतं, मला तहान लागलीय."

पाण्याचा नळ पुलावरच्या रखवालदाराच्या खोलीबाहेर होता. खोलीच्या भिंतीवर कालवा खात्याचे कागद चिकटवलेले असतात, ते आजवर कुणी वाचलेले नाहीत. सिट्स्के सोडून.

"ऐका," ती गोळी गालात सरकवत म्हणाली. "बेवारस होड्या. बुधवारी दुपारी चार वाजता फोडल्या जातील. एक, रबरी, करडी, भोक पडलेली. दोन, लाकडी, मच्छीमारी. तीन, लाकडी, निळी, लांबी दोन मीटर साठ, नोंदणीचा स्टिकर नाही, काठाला बांधलेली सापडली, शिड..." ती थांबली.

"शिड काय?"

"फुलाफुलांचं."

तिघंही एकमेकांकडं बघत राहिले. नळ वाहत होता, तो कुणी बंद केला नाही.

"अख्ख्या ओस्टरफेनमध्ये," वीबे हळूच म्हणाला, "असा घाणेरडा पडदा फक्त माझ्या आजीकडे आहे."

*

रिदवाननं आईला फोन लावला. कामावर असताना काकूंचा फोन पिशवीत असतो, त्यांनी उचलला नाही. त्यानं निरोप ठेवला, सिट्स्केच्या मागं कॅरियरवर बसला आणि तिघं गावाबाहेर, बेवारस होड्या ठेवतात त्या आवाराकडे सुटले. पोचले तेव्हा सव्वातीन वाजले होते.

तिथं दोन आवारं शेजारी शेजारी आहेत. डावीकडं सायकलींचं, उजवीकडं होड्यांचं. मध्ये तारेचं कुंपण. होड्यांच्या आवारात एका कोपऱ्यात, रबरी होडीच्या पलीकडं, ती उभी होती. पुठ्ठे पावसानं लोंबत होते, शिडावर कबुतरानं सही केली होती, पण तीच ती.

आवाराचे साहेब होते बोल्हाउस. मोठ्या मिशा, त्याहून मोठा चहाचा मग.

"काका, ती आमची सायकल आहे," रिदवान म्हणाला.

बोल्हाउसनी वही उघडली. "कोपऱ्यातली? ती होडी आहे."

"तिला चाकं आहेत, काका."

"गाड्यावर चढवलेल्या होड्या असतात."

"पेडल आहेत," सिट्स्के म्हणाली.

"पेडल मारायच्या होड्या भाड्यानं मिळतात, बसली नाहीस कधी?"

"घंटी आहे हँडलला."

"होडीवर धोक्याची सूचना द्यायला काहीतरी लागतंच. मालक शहाणा दिसतो."

"मागं कॅरियर आहे," वीबे म्हणाला. "आणि चाकाला सायकलीचं कुलूप आहे."

"हौसेला मोल नसतं, पोरा." बोल्हाउसनी चहाचा घोट घेतला. "हे बघा. कालव्याच्या काठी, खुंट्याला, खलाशाच्या गाठीनं बांधलेली वस्तू म्हणजे होडी. माझ्या माणसांनी ती यारीनं उचलून आणली. वहीत होडी लिहिलं, खाली सही झाली. होडीचे कागद असतील तर दाखवा."

रिदवाननं कपाळावर हात मारला. "गाठ मीच मारली होती."

"गाठ छान होती," बोल्हाउस म्हणाले. मनापासून.

सिट्स्केनं गोळी चावून संपवली. याचा अर्थ ती चिडली होती. "होडी आहे ना? मग पाण्यात सोडून दाखवा."

"पुठ्ठ्याची आहे, बुडेल. म्हणून तर फोडायची."

"निदान उद्यापर्यंत थांबा. याची आई कागद घेऊन येईल."

"उद्यापासून मी तीन आठवडे सुट्टीवर. आवार रिकामं करून जायचंय. चारला गाडी येते."

तीन पस्तीस झाले होते. कुंपणापलीकडून आवाज आला, "बोल्हाउस, आज कुणाची पोरं रडवतोयस?"

सायकलींच्या आवारातल्या हेंड्रिकाबाई तारेला नाक लावून उभ्या होत्या. उंच, हातभर ग्रीस, कानामागं पेन्सिल. सिट्स्के धावत कुंपणाशी गेली आणि एका दमात सगळं सांगितलं. हेंड्रिकाबाईंनी कोपऱ्यातल्या वस्तूकडं पाहिलं. मग बोल्हाउसकडं. मग परत वस्तूकडं.

"तू अकरा दिवस पेटीसायकल होडी म्हणून ठेवलीस? आणि त्या बाईला मी फोनवर सांगितलं, आलेली नाही?"

"तू विचारलं नाहीस."

"तू कुंपणापलीकडं आहेस, अरे. ओरडलं तरी ऐकू जातं."

"माझ्या वहीत होडी आहे," बोल्हाउस म्हणाले, पण आता आवाज जरा उतरला होता.

"सांगाड्यावर नंबर असेल," हेंड्रिकाबाई म्हणाल्या. "पेडलच्या खाली बघ."

रिदवान खाली वाकला. "तिथं आम्ही निळा रंग फासलाय. दोन हात."

"तीन," वीबे म्हणाला.

"मग आमच्याकडचा नियम लावा. साधा आहे," हेंड्रिकाबाई म्हणाल्या. "ज्याची किल्ली कुलपात फिरते, त्याची सायकल. कागद नको, काही नको. बोल्हाउस, फिरली तर नोंद खोडायची. कबूल?"

बोल्हाउसनी घड्याळ पाहिलं. "कबूल. नाही फिरली तर चारला फोडायची."

सगळ्यांनी रिदवानकडं पाहिलं. रिदवानचा चेहरा पडला.

"खरी किल्ली विम्याच्या कचेरीत आहे. आणि दुसरी..." त्यानं खिशातून लिफाफा काढला. "ही कुठली आहे कुणास ठाऊक. या कुलपाची नाहीच, असंच म्हणाले ते."

ते तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, मूळ नाही. यातला फरक त्या आवारात फक्त एका माणसाला माहीत होता, आणि त्या माणसाचे कान तापून लाल झाले होते.

वीबेला वाटलं, न सांगताही जमेल. 'लावून तर बघ' एवढंच म्हणायचं. किल्ली फिरेल, सगळे नाचतील, कोण विचारतंय कशी फिरली? एवढ्यावर भागलं असतं. पण रिदवान लिफाफा परत खिशात घालत होता, आणि सोमवारपासून त्याची आई त्याच्याशी धड बोलत नव्हती. किल्ली फिरली तरी ती बदलली कुणी, हे कोडं त्याच्याच गळ्यात राहणार होतं.

"लागेल ती," वीबे म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"मीच करून आणलीय. तुझ्या आईच्या किल्लीवरून. खरी मी पुलावरून पाण्यात पाडली. गुरुवारी. मिरवणुकीच्या आधी."



"म्हणून तीन तास खजिना," सिट्स्के हळूच म्हणाली.

 रिदवाननं वीबेकडं पाहिलं आणि पाठ फिरवून सायकलीपाशी गेला. लोंबणारा पुठ्ठा बाजूला केला. मागच्या चाकावरच्या गोल कुलपात किल्ली घातली. फिरवली.

अडली.

"तीन पन्नास," बोल्हाउस म्हणाले.

रिदवाननं पुन्हा जोर लावला. किल्ली हलेना.

"पूर्ण नको घालूस," वीबे म्हणाला.  "केसभर बाहेर ओढ. मग फिरव. हळू."

रिदवाननं केसभर बाहेर ओढली. हळू फिरवली.

खट्.

कुलूप उघडलं. हेंड्रिकाबाई इतक्या हसल्या, की तारेचं कुंपण थरथरलं. सिट्स्केनं दोन्ही गालांत एकेक गोळी कोंबली, हा तिचा उत्सव. बोल्हाउसनी पेन काढलं, ओळ खोडली आणि विचारात पडले.

"आता काय लिहू?"

"सायकल लिही," हेंड्रिकाबाई म्हणाल्या. "आणि कंसात लिही, दिसायला होडी. नाहीतर पुढच्या वर्षी परत फसशील."

बोल्हाउसनी खरंच तसं लिहिलं. शिवाय चाकांत हवा भरून दिली, हे सांगायला हवं. वाईट माणूस नव्हते, फक्त वहीवर फार विश्वास होता.

*

आवाराच्या दारात रिदवाननं सायकल थांबवली. खट् झाल्यापासून तो वीबेशी एक शब्द बोलला नव्हता.

"बस पेटीत," तो म्हणाला.

"कोण, मी? माझी सायकल आहे की."

"ती सिट्स्के एका हातानं धरून नेईल. तू बस. शिड हातात धर. उंच."

वीबे बसला. गुडघे कानाशी आले. अख्ख्या ओस्टरफेनमधून, बाजारातून, चर्चसमोरून, शाळेतल्या मुली आइसक्रीम खात होत्या त्यांच्या अगदी पुढून, तो आजीचा पडदा उंच धरून गेला. कबुतराच्या सहीसकट. शिवाय चढावर रिदवान मुद्दाम हळू चालवत होता.

बसच्या थांब्यापाशी सईदाकाकू उतरत होत्या. निरोप ऐकून काम आटपून निघाल्या होत्या. त्यांनी आधी सायकल पाहिली, मग पेटीतला वीबे, आणि पिशवी तिथंच फुटपाथवर ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतायत की हसतायत, ते कळेना. दोन्ही चाललं होतं.

"काकू," वीबे पेटीतूनच म्हणाला, कारण लगेच उठता येईना, "किल्ली मी हरवली होती. रिदवाननं नाही. खोटी मी केली. त्याला माहीतच नव्हतं."

काकूंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्या रिदवानकडं वळल्या, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. रिदवानचे डोळे एकदम भरले, आणि त्यानं घंटीवर काही बसलंय का ते बघायचं नाटक केलं.

"तुझ्याशी घरी बोलते," त्या वीबेला म्हणाल्या. "आधी खा."

घरी जुळ्या होडीला बिलगून बसल्या. मसेमन तव्यावर फुगत होती. काकूंनी विम्याच्या बाईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"म्हणजे चोरी झालीच नाही?" बाई म्हणाल्या.

"नाही. कालवा खात्यानं नेली होती. होडी समजून."

 पलीकडून कुणीतरी टेबलावर डोकं टेकून हसल्यासारखा आवाज आला. "तुमची खरी किल्ली उद्या पाठवते. आणि हरवलेल्या किल्लीचं एवढं कसलं टेन्शन घेतलंत? किल्लीवर नंबर असतो. कुलूप बनवणाऱ्याला कळवलं, की दोन आठवड्यांत दुसरी मूळ किल्ली येते. फक्त आधी सांगायचं असतं."

सगळ्यांनी वीबेकडं पाहिलं. वीबेनं मधाच्या वाटीकडं पाहिलं.

काकूंनी फोन ठेवला. "पोलीस, आवार, विमा, मी. एवढ्या मोठ्या माणसांनी सायकल शोधली, आणि भिंतीवरचा कागद कुणी वाचला नाही. सिट्स्के, तू नसतीस तर आज सायकलीचा भुगा झाला असता." सिट्स्के इतकी फुगली, की गोळी गिळली गेली. "रिदवान, तुझ्यावर मी विश्वास ठेवला नाही. ती माझी चूक. आणि वीबे." त्यांनी एक पोळी त्याच्या ताटात टाकली. "तू बोललास, ते वेळेवर. थोडं उशिरा, पण वेळेवर. नवी किल्ली येईपर्यंत रोज सकाळी येऊन जुळ्यांना बूट घालायचे. दोघींना. चारही."

ही शिक्षा ज्यानं त्या दोघींना बूट घालून पाहिलेत, त्यालाच कळेल.

संध्याकाळी दोघं पायरीवर बसले होते. सिट्स्के घरी गेली होती. रिदवान पडद्याची सैल झालेली फुलं मोजत होता, किंवा तसं दाखवत होता.

"तू रोज येऊन माझ्या शेजारी बसायचास," तो म्हणाला. "यम्मा मला ओरडत होती तेव्हा पण. जेवत होतास."

"हो."

"सांगायचं होतंस ना, यार. मी काय खाल्लं असतं का तुला? मी पण आलो असतो चुंबक घेऊन. सिट्स्केला न सांगता."

"भीती वाटली. तू बोलणं सोडशील म्हणून."

"बोलणं सोडलं होतंच की आज. चांगला अर्धा तास."

"पस्तीस मिनिटं," वीबे म्हणाला. "मी मोजत होतो."

रिदवानला हसू आलं, ते त्यानं दाबलं, ते फुटलंच. मग त्यानं हात पुढं केला, तळवा वर करून.

वीबेनं त्यावर हात ठेवला. "इथून पुढं तुझं काही हरवलं, मोडलं, बुडालं, तर सगळ्यात आधी तुला सांगेन. आईच्या आधी. किल्लीवाल्याच्या आधी. त्याच दिवशी."

"त्याच तासाला," रिदवान म्हणाला.

"त्याच तासाला," वीबे म्हणाला.